काउंटरच्या पलीकडून : पत्रिका बघायची असते, इन्स्टॉल करायची नसते

३४ वर्षं बँकेत काढली. निवृत्त झाल्यापासून दर गुरुवारी आमच्या कराडच्या एका वाचनालयात टेबल टाकून बसते. पूर्वी लोक पासबुक घेऊन यायचे, आता फोन घेऊन येतात आणि आधी खुर्ची माझ्या जवळ ओढून आवाज बारीक करतात. या महिन्याच्या टपालातही तोच बारीक आवाज आहे. बऱ्याच पत्रांवर ‘नाव छापू नये’ असं अधोरेखित केलेलं. नाही छापत.

प्रश्न : माझ्या मावसदिरांच्या नंबरवरून व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका आली. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलेलं आहे, म्हणून उघडली. फोननं दोन-तीनदा काहीबाही विचारलं, मी हो-हो केलं. पत्रिका काही दिसली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी खात्यातून ३८,००० रुपये गेले. मी ओटीपी कुणालाही दिलेला नाही. बँकेतले म्हणतात, तुम्हीच दिला असणार. आमच्या घरातलेही तेच म्हणतात. – एक वाचक, वाई

उत्तर : ताई, तुम्ही ओटीपी दिला नाहीत. तुमच्या फोननं दिला, तुम्हाला न सांगता. घरातल्यांना हे पत्र वाचून दाखवा.

तुम्हाला आली ती पत्रिका नव्हती, ते एक ॲप होतं. फाईलच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन एपीके अशी तीन इंग्रजी अक्षरं असतील. अजून तो मेसेज पुसला नसेल तर बघा. (पुसू नका, तक्रारीला लागेल. त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.) खरी पत्रिका फोटो म्हणून येते, पीडीएफ येते, हल्ली गाणं लावलेला व्हिडिओ येतो. पत्रिका बघायची असते, इन्स्टॉल करायची नसते. फोननं जे ‘काहीबाही’ विचारलं ते असं असणार: अनोळखी ठिकाणचं ॲप घालू का? याला तुमचे एसएमएस वाचू देऊ का? त्याला आपण हो म्हटलं की बँकेकडून येणारा प्रत्येक ओटीपी तुमच्याआधी चोराकडे पोचतो. कित्येकदा त्या ॲपचं चित्रही स्क्रीनवर दिसत नाही, त्यामुळे काही झालंच नाही असं वाटतं.

मावसदिरांशी भांडण काढू नका. त्यांचा फोन तुमच्याआधी गेला होता, आणि त्यांच्या यादीतल्या सगळ्यांना ती ‘पत्रिका’ गेली असणार. तुमच्या फोनमधूनही गेली असेल. तेव्हा दुसऱ्याच्या फोनवरून नातेवाइकांच्या ग्रुपवर आजच लिहा, की माझ्या नंबरवरून काही आलं असेल तर उघडू नका. लाज वाटेल. तरीही लिहा. हीच युक्ती आरटीओच्या चलनाच्या नावानं चालते, बँकेच्या केवायसीच्या नावानं चालते, पीएम किसानच्या नावानं तर आमच्या भागात फारच. चलन खरं आहे का हे परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर घालून बघता येतं. कुठलंही सरकारी खातं दंड वसूल करायला व्हॉट्सअ‍ॅपवर ॲप पाठवत नाही.

आता फोनचं. आधी नेट बंद करा, वायफाय आणि डेटा दोन्ही. मग सेटिंगमध्ये ॲप्सची पूर्ण यादी उघडा आणि तुम्ही न घातलेलं, विचित्र नावाचं, किंवा नावच नसलेलं काही दिसलं तर काढा. निघत नसेल तर त्यानं ‘डिव्हाइस ॲडमिन’चा किंवा ‘ॲक्सेसिबिलिटी’चा अधिकार घेतलेला असतो, तो आधी काढून घ्यावा लागतो. खरं सांगायचं तर, एवढ्यानं माझं समाधान होत नाही. फोटो दुसरीकडे उतरवून घ्या आणि फोन फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे आतलं सगळं पुसून नव्यासारखा. तुमचे कॉल दुसरीकडे वळवले आहेत का, तेही बघा. ##००२# लावलं की वळवलेले सगळे कॉल सरळ होतात. पासवर्ड आणि यूपीआय पिन बदलायचे ते फोन स्वच्छ झाल्यावर. आजारी फोनमध्ये नवा पासवर्ड घालणं म्हणजे चोर घरात असताना कुलूप बदलणं.

आणि बँकेचं. ‘तुम्हीच दिला असणार’ हे तोंडी उत्तर ऐकून परतू नका. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातच हे स्पष्ट केलं होतं: चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, दुसरीकडेच गफलत झाली, आणि ग्राहकानं मेसेज आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाचं नुकसान शून्य. ग्राहकाच्या हलगर्जीपणानं पैसे गेले असतील तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, पण कळवल्यानंतर गेलेला प्रत्येक रुपया बँकेचा. तुमचं प्रकरण हलगर्जीपणात बसवायचा प्रयत्न होईल, खोटी आशा लावत नाही. म्हणून तर कळवल्याची तारीख आणि वेळ सोन्यासारखी जपायची. दोन प्रतींत अर्ज करा, एकावर शिक्का आणि सहीची पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला फी लागत नाही. काउंटरच्या अलीकडे बसून मी सांगते, पोच मागणारा ग्राहक आला की आम्ही खुर्चीत सरळ बसायचो.

प्रश्न : जुना दिवाण विकायला फोटो टाकला होता. सैन्यात आहे म्हणणाऱ्या गृहस्थानं न बघता ६,५०० ला पसंत केला आणि पैसे पाठवण्यासाठी क्यूआर कोड पाठवला. स्कॅन करून पिन टाकला, तर माझेच ६,५०० गेले. हे कसं? – इस्लामपूर

उत्तर : पैसे येताना पिन लागत नाही, कधीच नाही. यूपीआय पिन ही तुमची सही आहे. तुम्ही पैसे भरायच्या स्लिपऐवजी पैसे काढायच्या स्लिपवर सही केलीत, एवढंच झालं. ‘पैसे मागण्याची विनंती’ पाठवून फसवणं फार वाढलं, म्हणून माणसामाणसांतल्या त्या विनंत्या १ ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयवर बंद झाल्या. क्यूआर कोडाची युक्ती मात्र उरली आहे. आणि न बघता, घासाघीस न करता दिवाण घेणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे, वय ६८, एकटी राहते. १२ दिवसांपूर्वी फोन आला, की माझ्या आधार कार्डावर मुंबईत खातं उघडून त्यातून काळा पैसा फिरवला गेला आहे. मग व्हिडिओ कॉलवर गणवेशातले पोलीस अधिकारी आले. त्यांनी न्यायालयाचं पत्र दाखवलं, त्यावर माझं नाव होतं. मला ‘डिजिटल अरेस्ट’ केल्याचं सांगितलं. दोन दिवस आणि एक रात्र कॉल चालू ठेवायला लावला. चौकशीसाठी म्हणून मी ठेव मोडून ४,२०,००० रुपये पाठवले, ४८ तासांत परत येतील म्हणाले होते. आता तो नंबर लागत नाही. मुलगा बेंगळुरूला असतो, त्याला सांगितलेलं नाही. आता १२ दिवसांनी तक्रार करून उपयोग आहे का? – मिरज

उत्तर : बाई, हे पत्र टपालानं आलं, आणि तुमचं अक्षर इतकं वळणदार, की मी आधी अक्षरच बघत राहिले. मासिक निघेपर्यंत थांबणं शक्य नव्हतं, म्हणून तुम्ही दिलेल्या नंबरवर मी त्याच दिवशी बोलले. तुम्ही १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला कळवलंत, आणि दुसऱ्या दिवशी मुलगा आला, हे तुमच्याच परवानगीनं इथं लिहिते. बाकीचं तुमच्यासारख्या इतरांसाठी.

‘डिजिटल अरेस्ट’ असा प्रकार आपल्या कायद्यात नाही. एवढं एक वाक्य पुठ्ठ्यावर लिहून फोनच्या चार्जरजवळ लावा. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत, कोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर भरत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना बजावलं आहे, की चौकशीला हजर राहण्याची नोटीससुद्धा व्हॉट्सअ‍ॅपवर बजावायची नाही. अपवादात्मक परिस्थिती सोडली तर बाईमाणसाला सूर्यास्तानंतर खरी अटकसुद्धा करता येत नाही, आणि हे लोक तुम्हाला रात्रभर कॅमेऱ्यासमोर बसवतात! आणि तपासासाठी म्हणून तुमचा पैसा आपल्या खात्यात मागवणारी यंत्रणा या देशात नाही. पोलिसांना खातं गोठवायचं असेल तर ते बँकेला पत्र लिहितात. अशी पत्रं मी स्वतः हाताळली आहेत. ती खातेदाराला नाही, शाखाधिकाऱ्याला येतात.

तुम्ही विचारता, मी शिकलेली बाई, कशी फसले? शिकलेल्या होतात म्हणून फसलात. कागदाला, शिक्क्याला, ‘सर’ म्हणवणाऱ्या आवाजाला मान द्यायचं वळण तुम्हाला आहे. तुम्ही ३० वर्षं मुलांनाही तेच लावलंत. चोरांचं खरं हत्यार तो गणवेश नव्हे. ‘कुणालाही सांगायचं नाही, सांगितलंत तर तोही आरोपी होईल’ हे वाक्य, हे त्यांचं हत्यार. कॉल चालू ठेवायला लावतात तो पाळत ठेवायला, आणि तुम्ही शेजारचं दार वाजवू नये म्हणून. शेजारच्या काकूंना एकदा विचारलं असतं तर दोन मिनिटांत फुगा फुटला असता, आणि त्यांना ते पक्कं ठाऊक असतं.

आता माझं सांगते. या सदरात आजवर लिहिलं नव्हतं. २०२२ च्या पावसाळ्यात मला मेसेज आला, की मागचं बिल भरलेलं दिसत नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या नंबरवर बोला. हे वाचनालयाच्या बैठकीला गेलेले. मी फोन लावला. पलीकडचा मुलगा इतका अदबीनं बोलत होता! त्यानं स्क्रीन दिसणारं एक ॲप घालायला सांगितलं आणि ‘रेकॉर्ड अपडेट व्हायला’ कार्डानं फक्त १० रुपये भरायला लावले. मी, जिनं आयुष्यभर लोकांना कार्डाचा नंबर कुणाला सांगू नका म्हणून सांगितलं, ती तो नंबर त्याच्या डोळ्यांदेखत टाइप करत होते. ७ वाजून ४० मिनिटांनी २४,५०० रुपये गेले.

मी काय केलं? काही नाही. फोन पालथा घातला आणि कणीक मळायला घेतली. मनात एकच, की ह्यांना कळता कामा नये, आणि बँकेतल्या जुन्या मंडळींना तर मुळीच नाही. ते ॲप फोनमध्ये तसंच होतं, कार्डही बंद केलं नव्हतं. पावणेदहाला आणखी २३,००० गेले. मग मी रडत ह्यांना सांगितलं. त्यांनी एक शब्द न बोलता चष्मा लावला, १९३० फिरवला आणि माझ्या हातात फोन दिला. दुसऱ्या रकमेतले १९,००० पुढच्या खात्यात अडकवता आले, ते कोर्टाच्या आदेशानं ११ महिन्यांनी परत मिळाले. पहिल्या रकमेतलं काहीही नाही. कणीक मळण्याचे ते दोन तास मला फार महागात पडले, असं मी म्हणते. हे म्हणतात, कणीक मात्र छान झाली होती.

म्हणून १२ दिवसांनी उपयोग आहे का, याचं उत्तर: पहिल्या तासाइतका नाही, पण आहे. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पाचात असा पळत असतो. ही खाती बहुतेक भाड्याची असतात, चार पैशांसाठी आपलं खातं आणि एटीएम कार्ड दुसऱ्याच्या हातात देणाऱ्या पोरांची. (तुमच्या घरातलं कॉलेजचं पोर असं काही ‘कमिशन’ सांगू लागलं तर कान धरा, पोलीस आधी त्याच्याच दारात येतात.) कुठल्या तरी खात्यात थोडं उरलेलं असतं, ते गोठवता येतं. १९३० ला फोन करताना खातं नंबर, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा यूटीआर नंबर (म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक) जवळ ठेवा. तो पासबुकात किंवा मेसेजमध्ये असतो. तक्रारीचा नंबर मिळतो, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर पूर्ण तक्रार भरायची. जमत नसेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात कागद घेऊन जायचं.

आणखी एक. आता तुम्हाला ‘गेलेले पैसे परत मिळवून देतो’ म्हणणारे फोन येतील. वकील म्हणतील, सायबर सेलचे म्हणतील, आधी थोडी फी मागतील. एकदा फसलेल्यांच्या याद्याही विकल्या जातात. हा दुसरा चोर पहिल्याचा भाऊ समजा.

प्रश्न : आईच्या खात्यातून १०,००० रुपये गेले. तिच्याकडे फोन नाही, एटीएम कार्ड नाही, सही येत नाही. मग गेले कसे? – जत तालुका

उत्तर : अंगठ्यावरून. गावात बँक मित्राकडे आधार नंबर सांगून, मशीनवर बोट ठेवून पैसे काढता येतात ना, त्याच वाटेनं. आईच्या बोटाचा ठसा कुठून तरी उचलला गेला असावा. जमिनीच्या दस्तावर आधार नंबर आणि अंगठा एकाच कागदावर सापडतो. अशा कागदांवरून ठसे बनवल्याची प्रकरणं देशात उघडकीला आली आहेत. दुसरी शक्यता साधी आणि वाईट आहे: ‘अंगठा लागला नाही, पुन्हा ठेवा’ म्हणून दोनदा पैसे काढलेले असतात. पासबुक भरून घेऊन तारीख बघा, त्या दिवशी आई कुठल्या मशीनवर गेली होती ते आठवा.

उपाय म्हणजे आधारचं बायोमेट्रिक लॉक. आधारच्या अधिकृत ॲपमधून होतं, पण आधारला मोबाइल नंबर जोडलेला हवा. तुमचा नंबर जोडून घ्यायला आधार केंद्रावर आईला घेऊन जा. एक अडचण आधीच सांगते, नाहीतर मला शिव्या द्याल: लॉक असताना रेशन दुकानातला अंगठाही लागत नाही. धान्याच्या दिवशी तेवढ्यापुरतं उघडायचं. हे कटकटीचं वाटत असेल तर आधारवरून पैसे काढण्याची सोय आईच्या खात्याला बंद करता येईल का, असा लेखी अर्ज शाखेत द्या. पोच घ्या.

प्रश्न : मी न्यू जर्सीला असतो, आई-बाबा कोथरूडला. त्यांच्या फोनवरचं सगळं बँकिंग काढून माझ्याकडे घ्यायचा विचार आहे. कसं करावं?

उत्तर : करू नये. बाबांना भाजीचे ४० रुपये द्यायला तुमची परवानगी लागली तर ते चिडतील आणि तुमच्या नकळत दुसरं ॲप घालतील. मी त्यांच्याच वयाची आहे, मला ठाऊक आहे.

त्यापेक्षा खाती वेगळी करा. एका खात्यात महिन्याच्या खर्चापुरते १०-१५ हजार, यूपीआय फक्त त्याला जोडलेलं. पेन्शन आणि ठेवींचं खातं फोनपासून लांब, त्याचं काम शाखेत जाऊन. कार्डाचे ऑनलाइन आणि परदेशातले व्यवहार बँकेच्या ॲपमधून बंद ठेवता येतात. व्हॉट्सअ‍ॅपला सेटिंगमधून सहा आकडी पिन लावून द्या, आणि ‘लिंक्ड डिव्हाइस’मध्ये अनोळखी काही नाही ना ते बघा. सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर आईच्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते दिसतं, आपलं नसलेलं तिथूनच कळवता येतं. फोन हरवला तर तो बंदही तिथूनच करता येतो.

आणि तुमचा जुना फोन त्यांना ‘चांगला आहे अजून’ म्हणून दिला असेल, तर तो अजून अपडेट घेतो का ते तपासा. अपडेट थांबलेला फोन म्हणजे कडी मोडलेलं दार, बाहेरून रंग कितीही छान असो.

एखाद्या रात्री तुमच्याच आवाजात ‘आई, मला पकडलंय, पैसे पाठव’ असा फोन येऊ शकतो. आवाजाची नक्कल आता सोपी झाली आहे. घरात एक प्रश्न ठरवून ठेवा, ज्याचं उत्तर फेसबुकवर नाही. आजोळच्या म्हशीचं नाव वगैरे. आणि तुम्ही स्वतः वेगवेगळ्या नंबरांवरून फोन करणं थांबवा.

प्रश्न : पासवर्ड डायरीत लिहून ठेवले तर चालतं का? मुलं हसतात. – पोस्टकार्डावर, कोरेगाव

उत्तर : चालतं. हसू दे मुलांना. परगावात बसलेला चोर तुमच्या कपाटातली डायरी वाचू शकत नाही. सगळीकडे एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा वेगवेगळे ठेवून लिहिलेले बरे. ईमेलचा पासवर्ड सगळ्यांत लांब ठेवा, कारण ‘पासवर्ड विसरलो’ म्हटलं की बाकीच्यांच्या चाव्या ईमेलवरच येतात. एटीएमचा पिन मात्र कार्डाच्या पाकिटात नको, आणि डायरीचा फोटो काढून फोनमध्ये ठेवू नका, मग डायरी कशाला?

डायरी कुठं आहे हे घरातल्या आणखी एका माणसाला ठाऊक असू द्या. मी ह्यांना परवाच सांगितलं, की माझी शालूंच्या खाली, उजव्या खणात आहे. म्हणाले, “माहीत आहे. तिच्या खाली माझी आहे.”